कासवडोहाची राखण

डोंगराच्या पायथ्याशी, नदी जिथं विळ्यासारखी वाकडी होते, तिथं वळणवाडी नावाचं गाव होतं. आणि त्या गावात सावळ्या नावाचा एक भोळा गडी होता.

भोळा म्हणजे किती? तर त्याची आई अनशाबाई एकदा शेतावर जाताना म्हणाली, "सावळ्या, चुलीवर भात आहे. शीत चेपून बघ. शिजलं असलं तर उतरव."

दिवस कलताना ती घरी आली, तर सावळ्या चुलीपुढंच बसलेला. चूल विझलेली, भात गारढोण, आणि सावळ्या एकेक शीत उचलून चेपतोय.

"अर्धा भात शिजलाय आये," तो म्हणाला. "बाकीच्याचं अजून बघायचंय."

असा गडी. अंगानं रेडा, मनानं वासरू. सांगितलेल्या कामाला कधी नाही म्हणायचा नाही. तीच तर पंचाईत होती.

गावाला लागून नदीत एक डोह होता. त्याच्या काठावर कासवाच्या पाठीसारखा एक गुळगुळीत खडक होता, म्हणून त्याला कासवडोह म्हणत. डोहाच्या खालच्या अंगाला जुना दगडी बंधारा. त्याच्या मोऱ्यांना लाकडी फळ्या घातल्या की नदी बारीक झाली तरी उन्हाळाभर डोह काठोकाठ राहायचा. वळणवाडीत पोरांना चालायला आईबाप शिकवायचे आणि पोहायला केरूनाना. नाना पोराच्या पाठीला वाळका भोपळा बांधायचे, कासवाच्या पाठीवरून ढकलून द्यायचे आणि वरून म्हणायचे, "मार हात, नाहीतर खा पाणी!" पोरं आधी पाणी खायची, मग हात मारायची. मग सूर मारायची, मुटके मारायची, आणि भूक लागेपर्यंत बाहेर यायची नाहीत.

एका वर्षी होळी झाली आणि पोरं डोहावरून खाजवत घरी यायला लागली. आधी खाज, मग पुरळ, मग ओकाऱ्या न् जुलाब. केरूनानांचा धाकटा नातू तर असा गळून गेला, की त्याला सलाईन लावावं लागलं. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरीणबाई डोहावर आल्या. त्यांनी पाण्याचा वास घेतला आणि नाकाला पदर लावला. बाटलीत पाणी भरून तपासायला पाठवलं. उत्तर आलं, की पाण्यात घाण उतरतेय, कुणीही पोहू नये.

घाण कुठून उतरतेय हे सगळ्यांना माहीत होतं. नदीच्या वरच्या अंगाला दौलतरावांनी कोंबड्यांची मोठी शेड घातली होती. शेड धुतली की सगळं पाणी ओढ्यात, आणि ओढा नदीत. सरपंच शेवंताबाई त्यांना सांगायला गेल्या. दौलतराव खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत.

"माझ्या कोंबड्या तुमच्या पोरांपेक्षा स्वच्छ आहेत," ते म्हणाले.

शेवंताबाई परत आल्या त्या रागानं लाल होऊन. त्यांनी सावळ्याला बोलावलं. दिवसभर उन्हात बसायला गावात दुसरं कुणी तयार नव्हतं.

"सावळ्या, आजपासून डोह बंद. राखण तू करायचीस."

"बंद म्हणजे कसा बंद, सरपंचबाई?"

शेवंताबाई आधीच तापलेल्या. "कसा म्हणजे? घर बंद करतोस ना? तसा!"

सावळ्या घरी गेला. घर बंद करायला काय लागतं, हे त्यानं नीट बघून घेतलं. दार लागतं, कडी लागते आणि कुलूप लागतं. मग त्यानं घराचं दार चौकटीसकट उपसलं, डोक्यावर घेतलं आणि डोहाच्या पायवाटेवर नेऊन उभं केलं. दोन्ही बाजूंना दगड लावले. कडी घातली, कुलूप ठोकलं, किल्ली कमरेला खोचली आणि दाराला पाठ लावून निवांत बसला.

पोरं आली. दाराच्या डावीकडून डोहात गेली. म्हशी आल्या. त्या उजवीकडून गेल्या. एक म्हातारा गृहस्थ तेवढा सरळ मनाचा होता. त्यानं दार ठोठावलं.

"कोण आहे?" सावळ्या आतून म्हणाला.

"मी आहे रे, तात्या. पाय धुवायचेत."

"कुलूप आहे तात्या."

"बरं बाबा," म्हणत तात्या परत गेला. दिवसभरात डोह बंद झाला तो एकट्या तात्याला.

तिकडं बिनदाराच्या घरात शेजारच्या शेळ्या शिरल्या. अनशाबाईनं पाटभर कुरडया वाळत घालून झाकून ठेवल्या होत्या. शेळ्यांनी कुरडया खाल्ल्या, झाकणाचं लुगडं खाल्लं आणि खाटेवर बसून रवंथ करू लागल्या. अनशाबाई रडत रडत सरपंचबाईंकडं गेली. सरपंचबाई डोक्याला हात लावून डोहावर आल्या.

"अरे शहाण्या, दार कशाला आणलंस? पाण्याजवळ माणूस दिसलं, की मोठ्यानं ओरडायचं. पाणी घाण आहे! तोंड लावू नका! मागं फिरा! एवढं कळत नाही?"

सावळ्याला फार वाईट वाटलं. आईच्या कुरडया त्यालाही आवडायच्या.

"चुकलं सरपंचबाई. पुढच्या खेपेला तसंच करीन."

दुसऱ्या दिवशी केरूनानांच्या थोरल्या नातीचं लग्न होतं. नाना माणूस मोठ्या मनाचा. ते म्हणाले, "सावळ्या, दुपारी घटकाभर डोह सोड आणि जेवायला ये." सावळ्या धुतलेला सदरा घालून गेला.

मांडवात पंगत बसली होती. पहिली पंगत नवऱ्याकडच्यांची. भात वाढला, वरण वाढलं, जिलेबी वाढली. वाढपी पाण्याच्या कळशा घेऊन निघाले. नवरदेवाच्या थोरल्या काकांनी पेला उचलला आणि ओठांपाशी नेला.

सावळ्यानं पाहिलं. पाण्याजवळ माणूस दिसलं होतं.

"पाणी घाण आहे!" तो मांडव हादरेल असा ओरडला. "तोंड लावू नका! मागं फिरा!"

काकांचा पेला हातातून पडला. वाजंत्री थांबली. नवऱ्याकडची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. कुणीतरी म्हणालं, "अहो, या गावच्या पाण्याबद्दल आम्ही ऐकलं होतं खरं." आणि सगळी पंगत भरल्या पानांवरून उठून उभी राहिली. आत नवरीनं हुंदका दिला.

केरूनाना धावत आले. "अहो, हे आमच्या विहिरीचं पाणी आहे! हे बघा!" असं म्हणत त्यांनी एक तांब्या गटागट प्यायला. पाहुणे हलले नाहीत. नानांनी दुसरा प्यायला. पाहुणे थोडे हलले. नानांनी तिसरा उचलला तेव्हा नवरदेवाच्या काकांनाच त्यांची दया आली.

"बसा रे," ते म्हणाले. "म्हातारा फुटेल."

लग्न निभावलं. नाना पोटावर हात ठेवून सावळ्याजवळ आले. त्यांना नीट वाकताही येत नव्हतं.

"लेका, चारचौघांत असं ओरडतात का? आलेल्या माणसाला हात जोडावेत. म्हणावं, या, या. संकोच करू नका. आपलंच समजा. पोटभर घ्या. अशी रीत असते."

"चुकलं नाना. पुढच्या खेपेला तसंच करीन."

आणि सावळ्या डोहावर परत गेला. रीत त्यानं वाटेनं घोकली.

उन्हं उतरायला लागली तेव्हा तालुक्याहून एक जीप आली. त्यातून चार-पाच तरणेबांड उतरले. कासवडोहाचं नाव त्यांनी ऐकलं होतं, पण तो बंद असल्याचं ऐकलं नव्हतं. समोर राखणदार बघून ते जरा बिचकले.

"दादा, पोहायला परवानगी आहे ना?"

सावळ्यानं हात जोडले. "या, या. संकोच करू नका. आपलंच समजा."

पोरं खूश झाली. कपडे काढून त्यांनी कासवाच्या पाठीवरून धडाधड उड्या टाकल्या. एक जण वर आला आणि तोंडातलं पाणी थुंकत म्हणाला, "दादा, पाण्याला कसलातरी वास येतोय."

"पोटभर घ्या," सावळ्या म्हणाला.

पाहुण्यांनी घेतलं. जीप परत फिरली ती तालुक्याला पोचलीच नाही. आरोग्य केंद्राच्या दारातच थांबली. एक ओकत होता, दुसरा खाजवत होता, तिसरा दोन्ही करत होता. चौथ्याला कुठं जायची घाई होती हे सांगायला नको.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना औषधं दिली आणि तरातरा डोहावर आल्या.

"सावळ्या, तू त्यांना या म्हणालास?"

"रीत असते डॉक्टरीणबाई."

डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटले आणि उघडले. "हे बघ. पाण्यात माणूस दिसलं, की बोलायचंच नाही. एक शब्द नाही! सरळ दंडाला धरायचं, बाहेर ओढायचं, डोक्यापासून पायापर्यंत साबणानं घासायचं आणि माझ्याकडं घेऊन यायचं. समजलं?"

"समजलं बाई. पुढच्या खेपेला तसंच करीन."

त्यानं दुकानातून कपडे धुवायचा पिवळा साबण आणला, काथ्याची घासणी आणली, आणि तोंड घट्ट मिटून बसला.

आता इतकी माणसं आजारी पडल्यावर जिल्ह्यालाही जाग आली. तिथून पाणी तपासणारे एक साहेब आले. बोरवणकर त्यांचं नाव. बारीक अंगाचे, चष्मा लावलेले, फार नेटके गृहस्थ. त्यांनी बूट काढून खडकावर जोडीनं ठेवले. विजार गुडघ्यापर्यंत दुमडली. नमुना काठावरचा नको, जरा आतला हवा, म्हणून बाटली घेऊन ते पाण्यात चार पावलं गेले आणि वाकले.

सावळ्यानं पाहिलं. पाण्यात माणूस दिसलं होतं.

तो एक शब्द बोलला नाही. मागून गेला, साहेबांचा दंड धरला आणि त्यांना मुळ्यासारखं उपटून बाहेर आणलं.

"अहो! अहो, काय करता?"

सावळ्या गप्प. त्यानं साहेबांना खडकावर बसवलं आणि डोक्याला साबण लावला.

"अहो, मी पाणी तपासायला आलोय! सरकारी मा—" पुढचा शब्द फेसात गेला.

सावळ्यानं मन लावून घासलं. कानामागं घासलं. बोटांच्या बेचक्यांत घासलं. साहेब सरकारी असल्यामुळं सदऱ्यासकट घासलं. चष्माही घासला. मग त्यांना पोत्यासारखं खांद्यावर टाकून भर बाजारपेठेतून आरोग्य केंद्रात नेलं. साहेबांच्या हातात बाटली तेवढी घट्ट होती. तिच्यात अर्धं पाणी होतं आणि अर्धा फेस.

"आणलाय," सावळ्या डॉक्टरीणबाईंना म्हणाला. "चांगला घासलाय."

डॉक्टरीणबाई दारातच बसल्या. साहेबांना टॉवेल दिला, चहा दिला, त्यांची हजारदा माफी मागितली. साहेब रागानं थरथरत होते. थोडे थंडीनंही थरथरत होते.

"अरे माणसा!" ते म्हणाले. "समोरचा कोण आहे, हे आधी विचारशील की नाही? नाव काय, गाव कोणतं, कशासाठी आलात! सगळी उत्तरं मिळून खात्री पटल्याशिवाय कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही!"

"चुकलं साहेब. पुढच्या खेपेला तसंच करीन."

त्या घासण्याची गोष्ट गावभर झाली. गावाची झाली तशी ती वरच्या शेडवरही पोचली. दौलतराव पोट धरून हसले. मग त्यांना वाटलं, चला, एकदा जाऊन यांची खोड मोडून येऊ. ते डोहावर आले. कासवाच्या पाठीवर उभे राहिले. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, पायात कोल्हापुरी वहाण.

"काय रे सावळ्या! कसली घाण आहे पाण्यात? दाखव मला! मी आत्ता ओंजळभर पिऊन दाखवतो!"

आणि ते वाकले. कासवाच्या पाठीला त्या घाण पाण्यानं शेवाळ धरलं होतं. वहाण सरकली. दौलतराव आडवेच डोहात गेले. कोंबड्या पाळणाऱ्या या माणसाला पोहणं मात्र ठाऊक नव्हतं.

सावळ्या झटकन उठला. काठावर आला. हात पुढं केला, आणि मग त्याला साहेबांचं बोलणं आठवलं. त्यानं हात मागं घेतला.

"नाव काय?" त्यानं विचारलं.

दौलतराव वर आले. "अरे, बुड... बुड..."

"नाव विचारलं. गाव मागनं सांगा."

दौलतराव खाली गेले. वर आले. "बुड... बुडतोय!"

"बुडतोय? हे कुठल्या तालुक्यात आलं?"

"वाचव! अरे, वाचव मला!"

सावळ्याला वाईट वाटलं. "मला वाचता येत नाही हो," तो म्हणाला. "तुम्हीच तोंडानं सांगा."

दौलतराव पुन्हा खाली गेले. या खेपेला बरंच पाणी घेऊन वर आले. सावळ्याचा जीव आता कासावीस झाला होता. या माणसानं लवकर उत्तरं द्यावीत, असं त्याला मनापासून वाटत होतं.

"बरं, नाव राहू द्या," तो काकुळतीला येऊन म्हणाला. "कशासाठी आलात तेवढं तरी सांगा!"

देवाची कृपा, की डोह बंद पडल्यामुळं कामधंदा नसलेले केरूनाना तिकडंच फिरत होते. नुसता डोह बघायला का होईना, ते रोज यायचे. त्यांनी लांबून पाहिलं आणि धावत आले. खडकाआड त्यांचे भोपळे ठेवलेले असत. त्यातला एक मोठा भोपळा त्यांनी दौलतरावांकडं फेकला. दौलतरावांनी आईला बिलगावं तशी त्याला मिठी मारली. नानांनी उडी टाकली आणि दोघांना ओढत काठाला आणलं, दौलतरावांना आणि भोपळ्याला. दौलतराव भोपळा सोडायला तयार नव्हते.

ओंजळभर पिऊन दाखवणार होते, त्यांनी घागरभर पिऊन दाखवलं. आठवडाभर ते आरोग्य केंद्रात पडून होते. अंगभर पुरळ. पोटात काही ठरेना. रोज डॉक्टरीणबाई येत आणि सलाईन लावत. समोरच्या खाटेवर एखादं पोर त्यांच्यासारखंच खाजवत बसलेलं असे. एके दिवशी दौलतरावांनी तोंड भिंतीकडं केलं आणि म्हणाले, "डॉक्टरीणबाई, सरपंचांना निरोप द्या. शेडचं पाणी ओढ्यात जाणार नाही. मी खड्डा खणून घेतो."

आणि खरोखरच त्यांनी मोठा खड्डा खणला. ओढा मोकळा झाला.

पण ते पुढचं. बुडण्याच्या त्या दिवशी काठावर केरूनानांनी सावळ्याला समोर उभं केलं होतं. नाना अजून निथळत होते.

"अरे, बुडणाऱ्याला कुणी नाव-गाव विचारतं का? बुडालं असं नुसतं कानावर आलं, की विचार करायचा नाही! हाताला लागेल तो भोपळा उचलायचा आणि फेकायचा!"

सावळ्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. माणूस आपल्यासमोर मरता मरता राहिला, हे त्यालाही कळलं होतं.

"चुकलं नाना," तो हळू आवाजात म्हणाला. "पुढच्या खेपेला तसंच करीन."

त्या दिवसापासून तो एक वाळका भोपळा काखेत घेऊन हिंडायला लागला. जेवतानाही तो भोपळा मांडीजवळ असे.

थोड्या दिवसांनी ग्रामसभा भरली. डोहाचं पुढं काय करायचं, हाच विषय होता. सगळा गाव चावडीपुढं बसला होता. ओट्यावर टेबल, टेबलावर पाण्याचा तांब्या, टेबलामागं शेवंताबाई. त्या बोलायला उभ्या राहिल्या. शेवंताबाईंचं भाषण ऐकण्यासारखं असे.

"गावकऱ्यांनो!" त्या म्हणाल्या. "आपल्या डोहाचं कौतुक पंचक्रोशीत होतं. लोक पोरांना पोहायला शिकवायला आपल्याकडं आणून सोडायचे. आणि आज? पाहुणे आपल्याकडं पाणी प्यायला भितात! साहेब लोक आपल्याकडं यायला भितात! अरे, या वळणवाडीचं नाव बुडालं! बुडालं!"

सावळ्यानं ऐकलं. नाव बुडाली होती. नावेत किती माणसं होती, हे सरपंचबाईंनी सांगितलं नव्हतं, पण विचार करायचा नाही असं नानांनी बजावलं होतं.

भोपळा लोकांच्या डोक्यांवरून गेला आणि थेट तांब्यावर बसला. तांब्या उडाला. शेवंताबाई नखशिखांत भिजल्या. भोपळा उसळून त्यांच्या हातांत आला.

"सोडू नका!" सावळ्या जीव तोडून ओरडला. "घट्ट धरा सरपंचबाई!"

सभा तिथंच संपली. लोक इतके हसले, की तात्याची कवळी बाहेर आली. शेवंताबाई पदर पिळत होत्या. आधी त्यांनाही राग आला होता, पण सावळ्याचा चेहरा बघून तो उतरला. घामाघूम झाला होता बिचारा.

"सावळ्या," त्या शेवटी म्हणाल्या, "तू आता कुणाकडं बघून काही करू नकोस. काम सांगितलं की तेवढं काम कर."

"बरं सरपंचबाई."

ओढा स्वच्छ झाल्यावर डोहही निवळत गेला. पाण्याचा वास गेला. तळाचे गोटे दिसायला लागले. मग बोरवणकर साहेब पुन्हा नमुना घ्यायला आले. या वेळी त्यांनी लांबूनच हाका मारल्या. "मी बोरवणकर! गाव जिल्ह्याचं! पाण्याचा नमुना घ्यायला आलोय!"

"या साहेब," सावळ्या म्हणाला. मागचं सगळं भरून काढावं, असं त्याला फार वाटत होतं. साहेबांची बाटली त्यानं अदबीनं उचलली. तिच्यात कसलंसं जुनं पाणी होतं. तशीच तो डोहात बुडवायला निघाला.

"थांब, थांब!" साहेब ओरडले. "अशी नाही भरायची. घाण भांड्यात चांगलं पाणी भरलं, तर तेही घाण होतं. आधी आतलं जुनं पाणी ओतून टाकायचं. मग आतून घासायचं. उन्हात वाळवायचं. पालथं घालून ठेवायचं. आणि मगच नवं पाणी भरायचं. असं केलं तरच ते स्वच्छ म्हणायचं."

सावळ्यानं एकेक गोष्ट बोटांवर घोकली. ओतायचं, घासायचं, वाळवायचं, पालथं घालायचं.

"चुकलं साहेब. पुढच्या खेपेला तसंच करीन."

साहेबांनी दुसरी बाटली काढली, नमुना घेतला आणि कोरडेच परत गेले. चार दिवसांनी कळलं, की पाणी चांगलं झालंय. पोहायला हरकत नाही.

गावात असा आनंद झाला, की विचारू नका. शेवंताबाईंनी दवंडी पिटवली. रविवारी सकाळी कासवडोह उघडणार! पहिला सूर केरूनानांचा! पोरांनी भोपळ्यांना नव्या दोऱ्या बांधल्या. जिल्ह्याहून साहेबांना बोलावलं. तालुक्याच्या त्या जीपवाल्यांनासुद्धा बोलावलं. दौलतरावांनी सगळ्यांना अंडी उकडून द्यायचं कबूल केलं. आणि शेवंताबाईंनी सावळ्याला बोलावून काम सांगितलं.

"सावळ्या, रविवारपर्यंत डोह एकदम स्वच्छ झाला पाहिजे. काठाला कचरा राहता कामा नये. काय?"

"स्वच्छ करतो सरपंचबाई. कसा करायचा ते मला आता ठाऊक आहे."

शेवंताबाईंना बरं वाटलं. त्या मांडवाच्या मागं लागल्या. बायका पुरणाच्या मागं लागल्या. डोहावर कुणी फिरकलं नाही. केरूनानासुद्धा नाही. ते घरी अंगाला तेल चोळून घेत होते. फक्त खालच्या वाडीतल्या लोकांच्या भुईमुगाला ऐन वैशाखात आपोआप पाणी मिळालं. नदी प्रसन्न झाली म्हणून त्यांनी तिला नारळ वाहिला.

रविवार उजाडला. पुढं ताशेवाले, मागं साहेब, डॉक्टरीणबाई, सरपंचबाई, मागं पाठीला भोपळे बांधलेली पोरंच पोरं, आणि त्यांच्या मागं सगळा गाव. मिरवणूक डोहाच्या वळणावर थांबली. केरूनाना लंगोट लावून पुढं झाले. नानांची एक सवय होती. सूर मारायच्या आधी ते कासवाच्या पाठीच्या टोकाला उभे राहायचे, हात जोडायचे आणि नदीला नमस्कार करायला खाली बघायचे. त्या सवयीनं नाना वाचले.

ताशा कडकडत होता. पोरं ओरडत होती, "मारा नाना! मारा नाना!" नानांनी हात जोडले. खाली बघितलं. आणि ते तसेच राहिले. बराच वेळ तसेच राहिले. मग ताशा आपोआप थांबला. लोक पुढं सरकले आणि त्यांनीही खाली बघितलं.

बंधाऱ्याच्या साऱ्या फळ्या काढून काठावर नीट रचून ठेवल्या होत्या. डोहात पाण्याचा थेंब नव्हता. वरून येणारी नदीची बारीक धार चर खणून बाजूनं वळवली होती. डोहातले मासे गावभरच्या घमेल्यांत आणि कळशांत सावलीला ठेवले होते. तळ राखेनं घासून असा लख्ख केला होता, की उन्हात डोळे दिपावेत. एकेका गोट्याला नारळाच्या शेंडीचा हात लागला होता. आणि तळाच्या कडेला, कासवाच्या पाठीखाली, सावळ्या घामानं डबडबून उभा होता. खडकाच्या कडेखाली दोन्ही हात घालून, दात-ओठ खाऊन तो वर ओढत होता.

"सावळ्या!" शेवंताबाई किंचाळल्या. "अरे, पाणी कुठं गेलं?"

सावळ्यानं वर बघितलं. सगळा गाव आलेला पाहून त्याचा चेहरा उजळला.

"जुनं होतं सरपंचबाई, ओतून टाकलं. घासलं. वाळवलं," तो म्हणाला. "पण पालथा घालायला एकट्याच्यानं हलत नाही हो. सगळे आलाच आहात, तर जरा पलीकडून धरा!"